किल्लेदारीण

गॅरेजच्या दाराआड ठेवलेल्या बुटात तिनं पाय घातला आणि पाय घोट्यापर्यंत ग्रीसमध्ये रुतला. बाहेर तोडणीच्या टोळीतलं कुणीतरी खिदळलं. ते खिदळणं पसरत पसरत क्रेटच्या थप्पीपर्यंत गेलं. तिनं वळून पाहिलं नाही. पाय बाहेर ओढला, गोणपाटाला पुसला, दुसऱ्या बुटात आधी हात घालून पाहिला. त्यातही तेच. दोन्ही बूट उलटे आपटून तिनं आतून गोणपाटानंच पुसले आणि तसेच चिकट पायात चढवले. मग पत्र्याचं दार ढकलून बाहेर येऊन ओरडली, "हेल्मेट नाही त्याला किल्ली नाही! रांग लावा."

रांग कुणी लावली नाही. ती कुणी कधीच लावत नसे. एकेक जण घोळक्यातून पुढे यायचा, रजिस्टरवर कसाबसा अंगठ्याएवढा गिचमिड शेरा मारायचा, किल्ली तिच्या हातातून ओढून घ्यायचा आणि जाता जाता, तिला ऐकू जाईल इतपत हळू, काहीतरी पुटपुटायचा.

फळबाग मोठी होती. खालची बाग सपाट, पॅकिंग शेडला लागून. वरची बाग टेकडीच्या अंगावर, इतकी उभी की पडलेलं फळ थेट खालच्या चरापर्यंत घरंगळत यायचं. ये-जा करायला, औषधाच्या टाक्या न्यायला, भरलेले क्रेट ओढायला मालकानं चार क्वाड घेऊन ठेवल्या होत्या. फुगीर चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची ती उघडी गाडी. ना छप्पर ना दार. तीनशे किलो वजन, आणि जोर असा की चढ तिला चढ वाटायचाच नाही. पोरं तिच्यावर जीव टाकायची. एकेका गाडीवर तिघं तिघं बसून वर जायची आणि उतारावर पैजा लावत खाली यायची.

आता त्या चारही गाड्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. म्हणून तिला सगळे 'किल्लेदारीण' म्हणत. पहिल्यांदा कोण म्हणालं कुणास ठाऊक, पण नाव असं चिकटलं की हजेरी घेणाऱ्या कारकुनानंही एकदा तेच पुकारलं आणि आख्खं शेड हसून लोळलं. तिचं वय सव्वीस. हुद्दा कसलाच नाही. सहा वर्षं ती शेडमध्ये फळं निवडायला बसत होती, आणि त्या सहा वर्षांत तिचं कुणाशी वाकडं नव्हतं.

वाकडं आलं ते धाकट्या भावामुळे.

भावाला बागेत भिंगरी म्हणत. एकोणीस वर्षांचा, काटक, तोंडाचा गोड. क्वाड त्याच्यासारखी चालवणारा दुसरा कुणी नव्हता. दोन चाकांवर उभी करून वळवायचा. पोरी टाळ्या वाजवायच्या, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं तीच वाजवायची. त्याच्या मागे बसून, दोन्ही हातांनी त्याचा शर्ट धरून, ती शंभरदा तरी वरच्या बागेत गेली असेल. "हळू रे मेल्या" म्हणायची आणि मनातून म्हणायची, आणखी जोरात.

गेल्या हंगामात एका दुपारी मुकादमानं त्याला वरच्या बागेत फवारणीला पाठवलं. मागच्या रॅकवर औषधाची टाकी, अर्धी भरलेली. "एवढी संपवून ये, मग जेव," मुकादम म्हणाला होता. वर जाऊन भिंगरीनं सवयीप्रमाणे चढाला आडवी गाडी वळवली. टाकीतलं पाणी उताराच्या बाजूला धावलं आणि पाण्यामागं गाडी गेली. गाडीसकट तो चरात पालथा पडला. गाडी वर, तो खाली. तो कुठल्या ओळीत गेलाय हे कुणाला सांगून गेला नव्हता; विचारायची पद्धतही नव्हती. जेवायला आला नाही तेव्हा सगळ्यांना वाटलं, बसला असेल कुठंतरी सावलीत. अडीच तास तो तिथं होता. सापडला तेव्हा शुद्धीवर होता आणि आईला हाका मारत होता.

कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं. उजव्या मांडीत सळई घातली. आठ महिने तो खाटेवर होता. दवाखान्याचं मालकानं पाहिलं. मुकादम फळांची पिशवी घेऊन भेटायला आला आणि आईला म्हणाला, "नशीब म्हणा, जिवावरचं पायावर निभावलं." आईनं त्याचे हात धरले.

कामगारांच्या सुरक्षेच्या तपासणी कचेरीत तक्रार केली ती बहिणीनं. घरात विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ठाऊक होतं. आईला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला. "ज्या ताटात जेवायचं त्याच ताटात थुंकायचं, ही अक्कल तुला कुणी शिकवली?" भिंगरी खाटेवरून ओरडला, "मी चूक केली म्हणून सगळ्यांचं बंद करणार तू? माझं तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस!" कागद तर गेला होता.

तपासणी करणारे आले, पाहून गेले आणि चारही गाड्यांना कुलपं लागली. अठरा दिवस. ऐन तोडणीत. अठरा दिवस माणसांनी वरच्या बागेतून क्रेट खांद्यावरून उतरवले. खांदे सोलले. शिव्यांना काही तोटा नव्हता, आणि सगळ्या एकाच पत्त्यावर जात होत्या. ती डबा खायला बसली की बाक रिकामं व्हायचं.

कुलपं उघडली ती अटींवर. एका गाडीवर एकच माणूस. डोक्यावर हेल्मेट. सोळाच्या आतल्या पोरांना या मोठ्या गाड्यांना हातही लावू द्यायचा नाही. चढावर अर्धी टाकी न्यायची नाही. न्यायची तर लहान टाकी, काठोकाठ भरून. जाताना ओळ नंबर लिहून जायचं, तासाभरात आवाज द्यायचा. आणि शिकल्याचा दाखला नसेल त्याला किल्ली नाही. हे सगळं पाहायला एक माणूस नेमायचा होता. मुकादमानं भर हजेरीत बोट दाखवलं.

"हिला द्या. हिच्याच अंगात किडा होता ना? फेडू दे आता."

लोक हसले. मुकादमाचा हिशेब सरळ होता. दोन महिन्यांत लोक हिला पिडून पिडून घालवतील आणि अटी कागदावर राहतील. तोही हसला. तिनं किल्ल्या घेतल्या.

शिकवायला एक माणूस आला, बुटका, बसक्या आवाजाचा, मूळचा मेकॅनिक. त्यानं भाषण केलं नाही. वीस लिटरचा अर्धा भरलेला कॅन टोळीतल्या सगळ्यांत दांडग्या गड्याच्या पाठीला बांधला आणि म्हणाला, "चढावर आडवा पळ." गडी चार पावलं पळाला आणि पाचव्या पावलाला कॅननंच त्याला उचलून आपटलं. सगळे हसले. शिकवणारा हसला नाही. "आता तुझ्यावर अजून तीनशे किलो आहेत असं समज," तो म्हणाला. "हं, हसा."

मग त्यानं तिला गाडीवर बसवलं, कारण दाखला आधी किल्ल्या सांभाळणारीलाच हवा होता. मागे बसायची सवय असलेल्या तिनं हँडल कधी धरलंच नव्हतं. सपाट अंगणात, मुंगीच्या चालीनं जाताना, क्रेटच्या थप्पीत घुसली आणि बाजूला पडली. हसणाऱ्यांत तिच्याच वयाच्या मुली होत्या, ज्यांच्याबरोबर ती सहा वर्षं बसली होती. शिकवणाऱ्यानं हात दिला नाही. "ऊठ. चढ," म्हणाला. चार दिवस ती पडत उठत राहिली. पाचव्या दिवशी चढावर, पायटेकणीवर उभी राहून, अंग वरच्या बाजूला झोकून तिनं गाडी आडवी नेली आणि आणली. कुणी टाळी वाजवली नाही.

त्यानंतरचे महिने म्हणजे रोजचं भांडण. सगळ्यांत जास्त तोडणीच्या टोळीच्या म्होरकीशी. तिला सगळे मावशी म्हणत; दोन माणसांएवढं काम करणारी आणि चार माणसांएवढं बोलणारी बाई. पूर्वी टोळी गाड्यांवर बसून वर जायची, आता वीस मिनिटं चढ चालावा लागे, आणि मावशीचे गुडघे दुखायचे.

"तुझ्या भावाचं मोडलं म्हणून आमचेही पाय मोडणार का गं तू?" मावशी रोज सकाळी एवढं म्हणूनच चढाला लागायची.

"मोडणार नाहीत. दुखतील," ती म्हणायची.

"तुझ्या जिभेला हाड नाही."

"तुमच्या हाडांचंच बघतेय मी."

असं. गोड बोलून पाहिलं होतं तिनं, पहिला आठवडा. "दादा, जरा हेल्मेट घालाल का," वगैरे. दादांनी हेल्मेटमध्ये कोंबड्यांना दाणे घातले. मग तिनं गोड बोलणं सोडलं. एकाची किल्ली चालू गाडीतून काढून घेतली, भर उन्हात, आणि त्याला हेल्मेट आणायला अर्धा मैल चालत पाठवलं. मुकादमाच्या पंधरा वर्षांच्या पुतण्याला गाडीवरून कॉलर धरून उतरवलं. मुकादम तेव्हापासून तिला पाण्यात पाहू लागला. तिच्या सायकलची गादी कुणीतरी ब्लेडनं फाडली. तिच्या डब्यात एकदा माती निघाली. आणि आता हे ग्रीस.

ती चांगल्या मनानं हे सगळं सोसत होती असं कुणी समजू नये. तिला राग यायचा, आणि तो राग ती जपून ठेवायची. कुणी चुकलं की तिला बरं वाटायचं. रजिस्टरमध्ये नाव लिहिताना पेन कागदावर दाबून लिहायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर भावाच्या खोकल्याचा आवाज यायचा आणि तिला वाटायचं, मी हे त्याच्यासाठी करतेय की या सगळ्यांचा सूड उगवतेय? उत्तर सापडायच्या आत झोप लागायची. अंग थकलेलं असायचं.

ग्रीसची ती सकाळ साधी नव्हती. त्या दिवशी भिंगरी कामावर परतणार होता.

घरातून तो तिच्याआधीच निघाला होता, काठी न घेता. चालताना उजवा पाय थोडा बाहेर फेकत होता. गुडघा अर्ध्यावरच अडत होता. बागेत त्याचं स्वागत झालं ते लग्नातल्या नवऱ्यासारखं. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी मिठी. मावशीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "आमचा वाघ आला," म्हणाली, आणि बोलताना नजर गॅरेजच्या दारात उभ्या बहिणीवर रोखली.

मुकादम हे सगळं शांतपणे पाहत होता. मग पुढे आला.

"भिंगरी, वरच्या बागेला कीड लागलीय. आज फवारणी झाली नाही तर उद्या फळ जातंय. बाकीची पोरं तोडणीत अडकलीत. तू जाशील?"

सगळ्यांच्या देखत विचारलं. भिंगरीचे कान लाल झाले. आठ महिने ज्या शब्दांची वाट पाहिली ते शब्द होते ते.

"जातो की," तो म्हणाला.

"मग जा, बहिणीकडून किल्ली घे." मुकादम तिच्याकडे वळला. "हिच्याच दारातून सुटते ना किल्ली."

तो आला. पाय फेकत, हसत, मागे सगळी टोळी. दारात थांबून त्यानं हात पुढे केला.

"ताई. दोन नंबरची दे."

"दाखला?"

"काय?"

"दाखला नाही तुझ्याकडे. शिकवणी झाली तेव्हा तू खाटेवर होतास."

मागे कुणीतरी फुर्र केलं. भिंगरीनं हसू टिकवलं. "मला शिकवणार तू? अगं, मी डोळे मिटून चालवतो."

"मिटूनच चालवलीस," ती म्हणाली.

हसू गेलं. "किल्ली दे."

"दाखला नंतर बघू. आत्ता एवढंच कर." तिनं दोन नंबरची गाडी बोटानं दाखवली. गाडी अंगणात बंदच उभी होती. "वर चढ. पायटेकणीवर उभा राहा, आणि अंग सगळं डावीकडे टाक. मग उजवीकडे. चढावर एवढं तर करावंच लागतं. झालं की किल्ली तुझी."

"सगळ्यांसमोर?"

"सगळे सगळ्यांसमोरच करतात."

खरं तर तिला दार लावून घेता आलं असतं. त्याला आत बोलावून, हळू आवाजात सांगता आलं असतं. हे तिला नंतर सुचलं. त्या क्षणी बुटातलं ग्रीस बोटांमध्ये चिकचिक करत होतं, मुकादम हाताची घडी घालून उभा होता, आणि तिला फक्त जिंकायचं होतं.

भिंगरी गाडीवर चढला. चढताना उजवा पाय हातानं उचलून पलीकडे टाकावा लागला. उभा राहिला. डावीकडे झुकला, ते जमलं. उजवीकडे झुकायचं म्हणजे सगळं वजन त्या सळईच्या पायावर, गुडघा वाकवून. त्यानं दात आवळले. गुडघा अर्ध्यावर आला, थांबला, थरथरला. त्यानं हँडल सोडलं नाही, पण पाय सुटला आणि तो गाडीच्या कडेनं घसरत, कुल्ल्यावर, अंगणात बसला.

कुणी हसलं नाही. मावशीनं "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला, आणि मग दुप्पट जोरानं बहिणीवर ओरडली, "झालं समाधान? पाठच्या भावाला मातीत बसवलंस!"

"गाडी बंद होती, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "सपाटीवर होती. टाकी बांधलेली नव्हती."

"पुरे झाला तमाशा," मुकादम म्हणाला. "पहिला दिवस आहे, अंग आखडलेलं असतं. वर गेला की सुटेल. किल्ली दे. मी सांगतोय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली, रजिस्टर आणलं, ड्रमवर ठेवून उघडलं आणि दोन नंबरची किल्ली कमरेच्या कडीतून काढून पानावर ठेवली. शेजारी पेन.

"घ्या," ती म्हणाली. "फक्त इथं लिहा. 'याचा गुडघा वाकत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलं. याच्याकडे दाखला नाही. तरी टाकी बांधून याला वरच्या बागेत मी पाठवतोय.' खाली सही करा, वेळ टाका. किल्ली तुमची. मी एक शब्द बोलणार नाही."

मुकादम हसला. "मी काय कारकून आहे?"

"मी लिहिते. तुम्ही सही करा." तिनं लिहिलं. दाबून, मोठ्या अक्षरात, बोलत बोलत. मग पेन उलटं करून त्याच्याकडे धरलं.

त्यानं पेन घेतलं. पानावर वाकला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"करा की सही," मावशी मागून म्हणाली. ती वैतागली होती, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. "एवढं काय त्यात? ऊन चढतंय, आम्हाला वर जायचंय. करा आणि मोकळे व्हा."

पेनचं टोक कागदापासून बोटभर वर होतं. ते तिथंच राहिलं. शेडमधला पट्टा चालू होता, त्याची खडखड ऐकू येत होती, आणि अंगणातली तीस-बत्तीस माणसं त्या टोकाकडे बघत होती. भिंगरी अजून जमिनीवरच बसला होता. तोही बघत होता.

मुकादमानं पेन खाली ठेवलं.

"मालकांना विचारतो," म्हणाला. "असलं काही मालकांना विचारल्याशिवाय..." वाक्य पुरं न करता तो कचेरीकडे चालू लागला. टोळी बाजूला सरली, त्याला वाट दिली. मावशीनं एकदा त्याच्या पाठीकडे पाहिलं, एकदा पानावरच्या किल्लीकडे, आणि पदर खोचून, कुणाला न सांगता, चढाला लागली. तिच्यामागे एकेक जण.

मुकादम दुपारपर्यंत कचेरीबाहेर आला नाही. फवारणी दुसऱ्या एका गड्यानं केली, लहान टाकी पाच वेळा भरून. वेळ दुप्पट लागला.

अंगण रिकामं झाल्यावर ती भावाला उठवायला गेली. त्यानं तिचा हात झटकला. गाडीला धरून स्वतःच उठला.

"तुला कळलं ना आता," ती म्हणाली, "तो सही का करत नव्हता?"

"कळलं." तो पँट झटकत होता, तिच्याकडे न बघता. "मी बहिरा नाही. त्याला माझी पडलेली नाही, हे मला चरात पडल्या पडल्याच कळलं होतं. पण तू?"

"मी काय?"

"अडीच तास गाडीखाली होतो ताई, चड्डी ओली झाली होती. तेव्हाही एवढी लाज वाटली नव्हती." तो आता तिच्याकडे बघत होता. "त्यानं पाय मोडला. तू उरलेलं मोडलंस."

तिच्याकडे उत्तर होतं. जिवंत आहेस ना, हे ते उत्तर. पण ते ऐकायला तो थांबला नाही, पाय फेकत निघून गेला.

संध्याकाळी घरी आईनं तिचं ताट वाढलं आणि लांब सरकवलं, जसं अनोळखी माणसाला सरकवतात.

"चारचौघांत पोराला लंगडा ठरवलंस."

"लंगडा आहेच तो, आई."

आईनं हातातला डाव भांड्यात आपटला. "तोंड सांभाळ! त्याला कोण मुलगी देईल आता? तुझी ती किल्ली येणार आहे त्याच्या लग्नाला?"

"मग पाठवायचं होतं वर? दोन्ही पाय मोडून यायला?"

"मोडलेच असते कशावरून?" आई म्हणाली.

कशावरून? काही घडलंच नव्हतं. पडला नाही, मेला नाही, वरच गेला नाही. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? घडलं असतं तर सगळं गाव तिच्या बाजूनं रडलं असतं. ती जेवली, ताट घासलं, आणि भावाच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. आत दिवा होता. तिनं कडी वाजवली नाही.

भिंगरी दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि मुकादमाला न विचारता पॅकिंग शेडमध्ये, तिच्या जुन्या बाकावर, फळं निवडायला बसला. बसून करायचं काम. हात त्याचे चपळ होतेच. तिच्याशी बोलायची वेळ आली की तो तिला 'मॅडम' म्हणे. "मॅडम, शेडची शिडी तुमच्या गॅरेजात आहे, पाठवून द्या." घरी तर मॅडमही नाही. घरी ती त्याच्यासाठी भिंतीतला खिळा होती.

मुकादमाचं वैर संपलं नाही, फक्त हलक्या पावलांनी चालू लागलं. पण एक झालं. त्यानं पुन्हा कुणाला तिच्या दारात पाठवून किल्ली मागितली नाही, आणि पोरं सकाळी दारात आली की हेल्मेट डोक्यावर असायचं. तोंडं तशीच आंबट. एकानं तिला सांगितलंच, "तू पटतेस म्हणून नाही हं. कोण सही करतं आणि कोण करत नाही, ते बघितलं म्हणून."

"कारण काही असू दे," ती म्हणाली. "पट्टा हनुवटीखाली आवळ. नुसता टोपीसारखा ठेवू नकोस."

साधारण दहा दिवसांनी मावशी गॅरेजात आली. एकटी नाही. मागे तिचा मुलगा, सतरा वर्षांचा, नुकत्याच फुटलेल्या मिशा आणि वाकडं तोंड. त्याचा दंड तिनं मुठीत धरला होता.

"हे बघ किल्लेदारीण," मावशी म्हणाली, "तू मला आवडत नाहीस. आधीही नव्हतीस, आताही नाहीस. त्या दिवशी भावाला बसवलंस ते मी विसरणार नाही."

"बरं."

"ह्याला गाडी चालवायचीय. मी नाही म्हटलं तर चोरून चालवेल, मला माहितीय. तू शिकव."

"मला हिच्याकडून नाही शिकायचं," मुलगा म्हणाला.

"गप!" मावशीनं त्याला हिसडा दिला. "शिकव, आणि जोवर येत नाही तोवर किल्ली देऊ नकोस. मी स्वतः मागायला आले तरी देऊ नकोस."

"तुम्ही आलात तर मुळीच देणार नाही," ती म्हणाली.

मावशीच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणण्याइतकं ते पुढे आलं नाही. गुडघे धरत, कण्हत, ती चढाकडे निघून गेली.

मुलगा दारात उभा राहिला, हात खिशात. तिनं हेल्मेट त्याच्या छातीवर फेकलं. त्यानं झेललं, पण घातलं नाही. ती थांबली. तोही थांबला. शेडमधून भिंगरी एक क्रेट घेऊन बाहेर आला, दोघांना पाहिलं, आणि क्रेट ठेवून पुन्हा आत गेला. शेवटी मुलानं शिवी हासडून हेल्मेट डोक्यात कोंबलं.

गाडी तिनं अंगणाच्या कडेला, छोट्या उंचवट्यावर आडवी लावून घेतली. "वर चढ. दोन्ही पाय टेकणीवर. अंग चढाच्या बाजूला."

तो चढला. पाय जमिनीवर टेकवून बसला, रस्त्यावरच्या मोटारसायकलवर बसतात तसा.

"पाय वर! गाडी कलली की पाय खाली टाकशील आणि चाक त्याच पायावरून जाईल. उतर."

"आत्ताच तर चढलो!"

"उतर म्हटलं ना. पुन्हा चढ."

तो उतरला. पुन्हा चढला. डोळ्यांत नुसता जाळ होता. तिनं त्याची कोपरं ढकलली, पाठ ढकलली, कुठं वजन हवं तिथं बोट खुपसलं.

"चूक. उतर."

"तू मुद्दाम करतेस."

"हो. उतर. पुन्हा चढ."